घरच्या स्टुडिओत ऐकायचं कशावर? हेडफोन आणि मॉनिटर निवडण्याची पद्धत

लॅपटॉपवर रीपर किंवा एफएल स्टुडिओसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू आहे, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आहे, माइकही आला आहे. गाणं अर्धंअधिक झाल्यावर खरा प्रश्न पडतो तो ऐकण्याचा. फोनच्या इअरफोनवर जे छान वाटलं, तेच गाडीत लावल्यावर डग्गा हरवलेला असतो आणि गाणं पोकळ लागतं. यात तुमच्या कानाचा दोष नसतो. गाणी ऐकण्यासाठी विकले जाणारे बहुतेक हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकर खालचे स्वर मुद्दाम फुगवतात. तुम्हाला बेस, म्हणजे हे खालचे स्वर, आधीच भरपूर ऐकू येतो, म्हणून मिक्स करताना, म्हणजे सगळ्या आवाजांचा समतोल बसवताना, तुम्ही तो कमी करता. मग दुसऱ्या कुठल्याही स्पीकरवर गाण्याचा पायाच नाहीसा होतो.

स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत वापरायचे स्पीकर, आणि स्टुडिओ हेडफोन यांचं काम गाणं गोड करण्याचं नसतं. फाइलमध्ये जे आहे ते जमेल तितकं तसंच कानापर्यंत पोचवणं, एवढंच त्यांच्याकडून हवं. स्वस्तात ते पूर्णपणे जमत नाही. पण कुठे जमत नाही हे माहीत असलं, तर त्यावरही उत्तम काम होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत काम करणाऱ्या बहुतेकांनी पहिला पैसा चांगल्या हेडफोनवर घालावा, दुसरा खोलीवर आणि तिसरा मॉनिटरवर. दुकानदार आणि व्हिडिओ बनवणारे सहसा उलट क्रम सांगतात. मी असं का म्हणतो ते पुढे येईलच.

पहिली पायरी: टेप घ्या आणि खोली मोजा

कुठलंही मॉडेल बघण्याआधी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची लिहून काढा. प्रत्येक माप मीटरमध्ये करा, त्याची दुप्पट करा आणि ३४३ ला त्या आकड्याने भागा. ३४३ मीटर म्हणजे २० अंश सेल्सिअस तापमानात आवाज एका सेकंदात कापतो ते अंतर. आपल्याकडच्या तिशीच्या तापमानात ते ३४९ च्या आसपास जातं, पण त्याने हिशोब फारसा बदलत नाही.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१ केलं की येतात ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हा स्वर अडकून घुमतो. खोली दहा बाय दहा असेल, तर दोन्ही दिशांना हाच आकडा येतो. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिथले ५९ हर्ट्झ त्यात मिसळतात. किक (ड्रमचा सर्वांत खालचा ठोका) आणि बेसचा गाभा याच भागात असतो. अशा खोलीत भिंतीला टेकून बसलात तर तो स्वर डोक्यात घुमेल आणि बरोबर मधोमध बसलात तर जवळपास गायब होईल. मॉनिटर पन्नास हजारांचा असो की पाच लाखांचा, यात फरक पडत नाही, कारण हे गणित भिंतींचं आहे. दहा बाय बाराची खोली थोडी बरी. तिथे एक आकडा ४७ वर जातो आणि घुमणारे स्वर एकावर एक न चढता जरा पसरतात.

मापांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्ही काम करता ती वेळ. नोकरी करून रात्री अकराला गाणं उघडणारे खूप आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसाही ती ५५ च आहे. कायदा राहू द्या, शेजारच्या घरात दहावीचं मूल असेल तर तुम्हालाच आवाज वाढवायला जीव होणार नाही. भाड्याचं घर, चौकोनी लहान खोली, रात्रीचं काम, यांपैकी दोन गोष्टी जरी तुम्हाला लागू असतील तर मॉनिटरचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि सगळे पैसे हेडफोनला द्या.

दुसरी पायरी: तुमच्या संगीतातला सर्वांत खालचा स्वर कोणता?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर स्पीकर केवढा घ्यायचा हे यावरच ठरायला हवं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा तंबोरा घ्या. जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर वाजतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. नाचाच्या गाण्यातली इलेक्ट्रॉनिक किक पन्नाशीच्या आसपास ठोकते आणि तिच्याखालचा सब-बेस चाळिशीपर्यंत उतरतो.

आता हे आकडे स्पीकरच्या कागदाशी, म्हणजे त्याच्या तांत्रिक माहितीशी, ताडून बघा. प्रेसोनसच्या इरिस ई३.५ सारख्या साडेतीन इंची मॉनिटरची खालची मर्यादा ८० हर्ट्झ लिहिलेली असते. गायिकेचा तंबोरा आणि संवादिनी त्यात बसतात. पुरुष गायकाचा खर्ज बसत नाही. तरी ऐकताना खर्ज वाजतोय असंच वाटेल, कारण १३९, २०८, २७७ हे त्याचे वरचे अंश ऐकू आले की मेंदू खालचा स्वर स्वतःच जोडून घेतो. धोका इथेच आहे. ६९ हर्ट्झवर प्रत्यक्षात किती आवाज भरलाय हे तुम्हाला कळणारच नाही आणि मोठ्या सभागृहात तोच तंबोरा सगळ्यांवर गुरगुरत बसेल.

कागद वाचताना आणखी एक काळजी घ्या. यामाहा एचएस५ ची मर्यादा ५४ हर्ट्झ दिलेली असते, पण तो आकडा आवाज १० डेसिबलने पडल्यावरचा आहे. ३ डेसिबलच्या घसरणीवर मोजलं तर तोच स्पीकर ७४ हर्ट्झवर थांबतो. जेबीएल ३०५पी मार्क २ चे हेच आकडे ४३ आणि ४९ आहेत. दोन स्पीकरची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच घसरणीवरचे आहेत ना, हे आधी बघा. घसरण लिहिलेलीच नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

भावगीत, अभंग, गझल, पॉडकास्ट, जाहिरातींचे आवाज असं काम असेल तर पाच इंची मॉनिटर किंवा साधे चांगले हेडफोन पुरतात. रिमिक्स, हिप-हॉप, ढोल-ताशाच्या थराचं काम असेल तर लहान मॉनिटरवर खालचा भाग ऐकूच येणार नाही. तिथे हेडफोन लागतातच, कारण चांगला हेडफोन खोलीला वगळून थेट ३०-४० हर्ट्झपर्यंत उतरतो. एवढ्या पैशांत हे दुसऱ्या कशानेही होत नाही.

तिसरी पायरी: हेडफोन

पहिली निवड बंद पाठीचा की उघड्या पाठीचा ही. बंद पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर सांडत नाही. गायक माइकसमोर उभा असेल तर हाच हवा, नाहीतर मेट्रोनोमची टकटक आवाजाच्या ट्रॅकमध्ये शिरते आणि ती नंतर काढता येत नाही. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाज जास्त मोकळा लागतो, वाद्यं कुठे बसली आहेत ते नीट कळतं, कान लवकर दमत नाहीत. मिक्सिंगसाठी तो चांगला, असं पुस्तकी उत्तर आहे. पण आपल्या घरात डोक्यावर पंखा असतो, खिडकीबाहेर रिक्षा असते, कुकरची शिट्टी असते. उघड्या पाठीतून हे सगळं आत येतं. मार्च ते जून पंखा बंद करून कोण बसणार? म्हणून एकच हेडफोन घ्यायचा असेल तर बंद पाठीचा घ्या. शांत खोली आणि दुसऱ्या जोडीचे पैसे, दोन्ही असतील तेव्हा उघडा घ्या.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाही. आवाज शंभर ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्या उशिरावर तबला वाजवून बघा, दुसऱ्या आवर्तनात लय सुटेल.

आता मॉडेल. बाजारात किमती दर सणाला हलतात, म्हणून इथले आकडे ढोबळ समजा.

पाच हजारांच्या आसपास ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स मिळतो. बंद पाठ, आत ४० मिमीचा ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), विद्युत रोध फक्त ४७ ओहम, त्यामुळे फोनवरही वाजतो. खालचा भाग फार खोल नाही आणि केबल कायमची जोडलेली आहे. गायकाला द्यायला आणि शिकायला सुरुवात करायला तो पुरेसा आहे. याच किमतीत अर्धउघडा सॅमसन एसआर८५० येतो, पण त्याचा वरचा भाग टोचतो. तो मी सुचवणार नाही.

दहा हजारांच्या आसपास खरी निवड सुरू होते. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स हा एम२०एक्सच्याच मालिकेतला सर्वांत सरळ आवाजाचा हेडफोन आहे आणि त्याची केबल बदलता येते. एम५०एक्स जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याचा बेस थोडा उचललेला असतो. ऐकायला मजा येते, तरी मिक्ससाठी मी एम४०एक्सच घेईन आणि वाचलेल्या पैशांत केबल घेईन. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ सालापासून विकला जातोय आणि आजही रेडिओ, डबिंग आणि लोकेशन साउंडच्या लोकांच्या गळ्यात दिसतो. त्याचा वरचा भाग चढा आहे. गायकाच्या ओठांची चटचट, चुकीच्या जागी कापलेली फाइल, सकारांचा फसफसाट हे सगळं तो लगेच दाखवतो. आवाजाच्या संपादनाला उत्तम, पण सलग चार तास मिक्स करायला कंटाळवाणा. सोनी आणि ऑडिओ-टेक्निका दोन्हींच्या नकला बाजारात फिरतात, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटीचं बिल आणि वॉरंटी घेऊनच खरेदी करा. निम्म्या किमतीला कोणी देत असेल तर तो माल घेऊ नका.

पंधरा हजारांच्या आसपास बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो येतो. आपल्या हवेसाठी याचं एक मोठं सुख आहे. याच्या ८० आणि २५० ओहमच्या प्रकारांत कानाच्या गाद्या मखमलीच्या आहेत. रेक्झिनच्या गाद्या मुंबईच्या घामात वर्ष-दोन वर्षांत सोलून निघतात आणि काळे कपचे गालाला चिकटतात. मखमलीत तसं होत नाही, त्या धुता येतात आणि सुट्या विकतही मिळतात.

हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. ओहम जितके जास्त तितका दर्जा वरचा, असं दुकानात ऐकायला मिळतं. ते खरं नाही. ओहम जास्त म्हणजे तेवढाच आवाज काढायला जास्त व्होल्टेज लागतं. याच कंपनीचा उघड्या पाठीचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा, एक मिलिवॅटवर ९६ डेसिबल देतो. गणित केलं तर त्यासाठी अर्धा व्होल्ट लागतो. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असेल तर अडीच व्होल्ट लागतात. फोन किंवा साध्या इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून एवढं निघत नाही. मग आवाज बारीक येतो, तुम्ही नॉब शेवटपर्यंत फिरवता आणि हेडफोनच वाईट आहे असं ठरवून मोकळे होता. वेगळा हेडफोन अँप्लिफायर नसेल तर ८० ओहमच्या वर जाऊ नका.

डीटी ९९० विषयी आणखी एक इशारा. त्याचा वरचा भाग, विशेषतः ८ किलोहर्ट्झच्या आसपास, बराच उचललेला आहे. त्यावर मिक्स केलं की मंजिरी आणि टाळ टोचतात म्हणून तुम्ही ते दाबता आणि बाहेर गाणं मळकट ऐकू येतं. त्याच्याशी जुळवून घेता येतं, पण पहिला हेडफोन म्हणून नको.

चौथी पायरी: दुकानात जाऊन ऐकणं

मुंबईत धोबी तलाव आणि लॅमिंग्टन रोड परिसरात, इतर शहरांत मोठ्या वाद्यांच्या दुकानांत, डेमो जोडी ऐकायला मिळते. ऑनलाइन घेणार असलात तरी आधी एकदा जाऊन ऐका. जाताना पेनड्राइव्हवर चार-पाच गाणी वेव्ह फाइलमध्ये न्या. ती तुमच्या अगदी पाठ असलेली हवीत. एकात नुसता आवाज आणि तंबोरा, एकात तबला किंवा ढोलकी पुढे असलेली, एकात भरगच्च वाद्यवृंद, एकात खोल बेस. शक्यतो तुमचं स्वतःचं एक अर्धवट मिक्सही असू द्या, कारण त्यातल्या खोड्या तुम्हालाच माहीत असतात.

दोन हेडफोन लागोपाठ ऐकताना आवाजाची पातळी कानाने तरी सारखी करून घ्या. नुसता मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच चांगला वाटतो. हे सगळ्या कानांचं होतं, सरावलेल्या कानांचंही. ऐकताना या गोष्टी तपासा: गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये बसतो का, सकार टोचतात का, डग्ग्याची मींड वरून खाली उतरताना मध्येच एखादा स्वर उसळतो किंवा गळतो का, आवाज अगदी हळू केल्यावरही वाद्यं वेगळी कळतात का. डग्ग्याची मींड ही मला सर्वांत प्रामाणिक परीक्षा वाटते, कारण ती खालच्या भागातून सलग सरकत जाते आणि तिथला खड्डा लपत नाही. मग हेडफोन वीस मिनिटं डोक्यावर तसाच ठेवा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. कानशिलं दुखली तर तो हेडफोन कितीही चांगला असला तरी तुम्ही तो वापरणार नाही.

पाचवी पायरी: मॉनिटर, घ्यायचेच असतील तर

घरी बसून गाणं सगळ्यांनी मिळून ऐकायचं असतं, दिवसभर हेडफोन नकोसा होतो आणि वाद्यं डावी-उजवीकडे नेमकी किती सरकवायची हे स्पीकरवरच नीट कळतं. हेडफोनमध्ये डाव्या कानाला फक्त डावा आवाज मिळतो, स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्ही आवाज मिळतात. त्यामुळे हेडफोनवर ठरवलेला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली गुंज, बाहेर हमखास कमी-जास्त निघतो. थोडक्यात, मॉनिटरचं काम आहेच, फक्त पाळी नंतर येते.

घरासाठी अँप्लिफायर आतच असलेले, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर घ्या. दहा बाय बारापर्यंतच्या खोलीत पाच इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा कोन, पुरे. आठ इंची जोडी तिथे आणलीत तर तिचा बेस खोलीत मावत नाही आणि वर मोजलेला तो ५६ हर्ट्झचा घुमारा आणखी माजतो. टेबल अगदीच लहान असेल तर साडेतीन इंची जोडी घ्या आणि खालच्या भागासाठी हेडफोनवर विसंबा. सब-वूफर लहान खोलीत आणूच नका.

पाच इंचीत माझी पहिली पसंती यामाहा एचएस५ ला आहे. मधला भाग, म्हणजे गाणाऱ्याचे शब्द, संवादिनी, सतार जिथे बसतात तो भाग, हा स्पीकर फार स्पष्ट दाखवतो. याचा पांढरा कोन यामाहाच्याच एनएस-१० ची आठवण करून देतो. १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आलेला एनएस-१० जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. बेस कमी, मधला भाग पुढे, गोडवा जवळपास नाहीच. तरी मोठमोठी गाणी त्यावर मिक्स झाली, कारण त्यावर बरं ऐकू आलेलं गाणं बाहेरही बरं ऐकू यायचं आणि इंजिनिअर मंडळींना त्याच्या खोडी पाठ होत्या. जेबीएल ३०५पी मध्ये बेस एचएस५ पेक्षा खाली जातो आणि डोकं थोडं हललं तरी आवाज बदलत नाही. मात्र त्यातून बारीक सूं असा आवाज सतत येतो. शांत खोलीत अगदी जवळ बसणाऱ्याला तो खुपू शकतो. कालीचा एलपी-६ साडेसहा इंची आहे आणि त्याचं हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे. स्पीकर भिंतीला लागूनच ठेवावा लागणार असेल तर हे सोयीचं.

किंमत बघताना ती एकाची आहे की जोडीची, हे दोनदा तपासा. यामाहासारखे मॉनिटर बऱ्याच ठिकाणी सुटे विकले जातात आणि जोडीची किंमत समजून लोक एकच मागवतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणवणार असाल तर मागच्या बाजूचा व्होल्टेज वाचायला सांगा. तिकडचे बरेच मॉनिटर फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर लावलेत तर ते जळतील आणि वॉरंटीही इथे चालणार नाही.

सहावी पायरी: मांडणी

खर्च न करता सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. त्यामुळे घाई करू नका, एक रविवार द्या.

खोली लांबट असेल तर टेबल अरुंद भिंतीला लावा, म्हणजे पाठीमागे जागा मोकळी राहील. डावी आणि उजवी भिंत दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर हव्यात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल तर गायक नेहमी एकीकडे कललेला वाटेल. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, प्रत्येक बाजू एक ते सव्वा मीटर. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीवर यायला हवा. टेबलावर ठेवून तो खाली राहत असेल तर खाली जाड पुस्तकं किंवा सुताराकडून करून घेतलेला लाकडी ठोकळा चालतो. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर नको. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल अशी सुरुवात करा आणि तिथून वीतभर पुढे-मागे सरकून बेस कुठे सर्वांत समान वाटतो ते शोधा.

स्पीकर मागच्या भिंतीपासून किती लांब ठेवायचा? खालचे स्वर मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात आणि पुढे जाणाऱ्या आवाजाला एका ठरावीक स्वरावर मारतात. वूफरच्या तोंडापासून भिंतीचं अंतर मीटरमध्ये घेऊन त्याची चौपट करा आणि ३४३ ला भागा. एक मीटरवर ८६ हर्ट्झ येतात, म्हणजे नेमका डग्ग्याचा भाग खाल्ला जातो. ४० सेंटिमीटरवर २१४ येतात. लहान खोलीत दोन मीटर मागे जागा सोडता येत नाही, म्हणून स्पीकर भिंतीजवळच ठेवा. खड्डा वरच्या स्वरावर सरकतो आणि तिथे तो भिंतीवरच्या जाड पॅनलने भरून काढता येतो. भिंतीजवळ बेस वाढतो, तो मागच्या स्विचने कमी करा. एचएस५ वर ५०० हर्ट्झच्या खाली २ किंवा ४ डेसिबल कमी करायची सोय आहे. मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर निदान वीतभर जागा मोकळी ठेवा.

आता भिंती. अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही. एक इंची फोमही फक्त वरचा भाग गिळतो, घुमारा तसाच राहतो आणि खोली आणखी कोंदलेली वाटते. त्याऐवजी चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या स्लॅब आणा, घनता घनमीटरला ४८ किलोच्या आसपास. सुताराकडून साधी चौकट करून घ्या आणि हवा आरपार जाईल असं सुती कापड चारी बाजूंनी घट्ट ताणून बसवा, तंतू बाहेर यायला नकोत. पहिली दोन पॅनल तुमच्या डाव्या-उजव्या भिंतींवर लावा. जागा शोधायला खुर्चीत बसा आणि कोणाला तरी भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनल. बाकीची कोपऱ्यांत उभी करा, खालचे स्वर तिथेच साठतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि गादी यांचीही चांगली मदत होते.

सातवी पायरी: वायर आणि वीज

इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत बॅलन्स्ड केबल, म्हणजे बाहेरची गुणगुण रोखणारी केबल, घ्या. इंटरफेसच्या बाजूला तीन भागांचा जाड जॅक, स्पीकरच्या बाजूला तसाच किंवा एक्सएलआर, म्हणजे माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा गोल जोड. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकर गुणगुणतात ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. तरी राहिली तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणं जिवावर बेतू शकतं, ते करू नका. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा नसेल तर वीज गेल्यावर मॉनिटर भणभणतील, त्या वेळी हेडफोनवर काम करा. चालू करताना मॉनिटर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी, म्हणजे धप्प आवाजाने ट्विटरला इजा होत नाही.

आठवी पायरी: कान लावून घेणं

नवीन जोडी आल्यावर पहिला आठवडा मिक्स करू नका, फक्त ऐका. पाठ असलेली गाणी रोज तासभर लावा, म्हणजे या जोडीवर उत्तम मिक्स कसं ऐकू येतं ते कानात बसेल. पुढे मिक्स करताना यांतली दोन-तीन गाणी प्रोजेक्टमध्येच ठेवा, आवाज तुमच्या गाण्याच्या पातळीला आणा आणि दर अर्ध्या तासाने त्यांच्याशी ताडून बघा.

आवाजाची पातळी एकदा ठरवा आणि तिथेच राहा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असताना कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. रात्री हळू आवाजात केलेल्या मिक्सला सकाळी बेस जास्त निघतो तो यामुळेच. मॉनिटरसमोर बसून फोनच्या साउंड मीटर अ‍ॅपवर ७३ ते ७६ डेसिबल दिसतील असा नॉब ठेवा आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा. फोनचं मीटर काटेकोर नसतं, पण रोज त्याच खुणेवर येण्यासाठी पुरतं. हेडफोनवर तर ही शिस्त आणखी महत्त्वाची. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

हेडफोनचे उंचसखल भाग सॉफ्टवेअरने बरेच सरळ करता येतात. विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे आणि बहुतेक लोकप्रिय मॉडेलच्या दुरुस्तीच्या सेटिंग्ज ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात मिळतात. मॉनिटरसाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक, बेरिंजरचा ईसीएम८००० वगैरे, घेतलात तर खोलीचा आलेख समोर येतो. हा आलेख पॅनल आणि खुर्ची हलवण्यासाठी वापरा. बेसचा खड्डा इक्वलायझरने भरायला जाऊ नका. भिंतीवरून आलेला आवाज जिथे मारतोय तिथे कितीही वाढवलंत तरी तेवढंच मारलं जातं, वूफर मात्र दमतो. दुरुस्तीचं प्लगइन मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर, लावलं असेल तर फाइल एक्सपोर्ट करण्याआधी ते बंद करा. नाहीतर तुमच्या हेडफोनची दुरुस्ती साऱ्या श्रोत्यांच्या गाण्यात छापली जाते.

शेवटची तपासणी दोन्हींवर करा. मॉनिटरवर समतोल, हेडफोनवर खालचा भाग आणि बारीक खरखर, मग मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, फोनच्या स्पीकरवर शब्द कळतात का ते. मराठी गाणं ऐकणारा मोठा वर्ग फोनवरच ऐकतो, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

जुना माल घेताना

जुन्या मॉनिटरमध्ये चांगला सौदा मिळतो, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, लावून, ऐकूनच घ्या. काहीही न वाजवता कान ट्विटरजवळ न्या, दोन्हींची सूं सारखी यायला हवी. मग एकच मोनो गाणं आधी फक्त डाव्यावर, मग फक्त उजव्यावर वाजवा, केबल अदलाबदल करून पुन्हा ऐका. फरक केबलबरोबर सरकला नाही तर दोष स्पीकरचा. वूफरची कड बोटाने हलकेच दाबा. रबरी असेल तर बरं. फोमची कड कोकणच्या दमट हवेत ठिसूळ होऊन तुटते. कोन आत-बाहेर होताना घासल्याचा आवाज आला तर तिथून उठा. जुन्या हेडफोनमध्ये गाद्यांची किंमत धरून भाव करा आणि केबल जोडाजवळ वाकवून बघा, एका बाजूचा आवाज जातो का ते तिथेच कळतं.

नवीन घेतलंत तर खोका आणि आतलं थर्माकोल निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. मॉनिटर सर्व्हिस सेंटरला कुरिअरने पाठवायची वेळ आली तर त्याच पॅकिंगमध्ये तो धड पोचतो.